यंत्रांत शिरलेला कारकून

आमच्या व्यवसायबंधूंमध्यें, म्हणजे संगणकाच्या आज्ञावली लिहून पोट भरणाऱ्या प्रोग्रामर मंडळींमध्यें, तीन मतें इतकीं सार्वत्रिक झालीं आहेत कीं त्यांस मतें न म्हणतां कुलाचारच म्हणावें. पहिलें मत असें कीं, यंत्र आलें म्हणजे सरकारी कचेरीचा जाच आपोआप सरेल. दुसरें असें कीं, विज्ञानकथाकारांनीं भविष्य आधींच सांगून ठेवलें आहे. आपण तें फक्त अंमलांत आणावयाचें. आणि तिसरें असें कीं, कारकून हा जात्याच आळशी किंवा लाचखाऊ प्राणी असून त्याच्या जागीं चार ओळींचा प्रोग्राम बसविला म्हणजे लोककल्याण साधलें. हीं मतें चहाच्या टेबलावर, आगगाडींत, लग्नाच्या पंगतींत, कोठेंही ऐकावयास मिळतात, आणि सुशिक्षित घरांतील वडील मंडळीही तीं ऐकून माना डोलावतात. कारण घरचा मुलगा पुण्यास किंवा बंगळूरास याच धंद्यांत असतो, आणि त्याचा पगार त्याच्या मतांना वजन आणतो. प्रस्तुत लेखकाचा चरितार्थही याच धंद्यावर चालतो. म्हणूनच या तिन्ही मतांचा समाचार घेण्याचा आपणांस अधिकार आहे असें तो समजतो.

प्रथम यंत्राच्या पदरांत जें माप पडावयास हवें तें टाकून मोकळे होऊं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या एखाद्या कुटुंबाचें चित्र डोळ्यांपुढें आणा. घर मालवणास किंवा आचऱ्यास. माणसें परळांत, डोंबिवलीस, नालासोपाऱ्यास. पूर्वी सातबाऱ्याचा एक उतारा हवा असला तर चाकरमान्यानें गणपतीची नाहीं तर शिमग्याची रजा त्यापायीं खर्च करावी, तलाठ्याच्या सजाचे खेटे घालावे, आणि साहेब तालुक्यास बैठकीला गेले आहेत असें ऐकून परत फिरावें, असा शिरस्ता होता. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. पंधरा रुपये भरून तो घरबसल्या काढतां येतो. ही सोय लहान नाहीं, आणि ती करणाऱ्यांचे उपकार न मानणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु उतारा हातीं येणें निराळें, आणि उताऱ्यावर जें लिहिलें आहे तें खरें असणें निराळें. पहिलें काम यंत्रानें सोपें केलें हें निर्विवाद आहे. दुसरें काम त्यानें सोपें केलें कीं अवघड केलें, हा खरा वाद आहे. आणि नेमका तोच वाद आमचे व्यवसायबंधू टाळतात.

सातबारा म्हणजे काय, हें शहरांत वाढलेल्या वाचकांसाठीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. गांव नमुना सात हा जमिनीवरील अधिकारांचा अभिलेख, आणि गांव नमुना बारा ही त्या जमिनींतील पिकांची नोंद. दोन्ही मिळून एका कागदावर येतात म्हणून तो सातबारा. देशावरच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर दोन-चार नांवें असतात. कोंकणांत तसें नाहीं. येथें खोती होती, ती १९४९ च्या कायद्यानें गेली. येथें सावंतवाडीचें संस्थान होतें, त्याची वहिवाट निराळी. आंबोली, चौकूळ, गेळे या गांवांत जमीन कोणा एकाची नसून 'कबुलायतदार गांवकर' या नात्यानें सगळ्या गांवाची होती. पुढें तिच्यावर महाराष्ट्र शासनाचें नांव चढलें, आणि आपलीच जमीन आपली म्हणवून घेण्यासाठीं गांवकऱ्यांना वर्षानुवर्षें झगडावें लागलें. इतरत्रही भातशेतीच्या आणि वरकस जमिनीच्या लहानशा तुकड्यावर डझनावारी सहहिस्सेदार असतात. त्यांतला एक वारलेला, एक मुंबईस गेलेला तो न परतलेला, एक घरांत बाबू आणि कागदावर सखाराम, आणि एक बहीण माहेरच्या नांवानें एके ठिकाणीं व सासरच्या नांवानें दुसऱ्या ठिकाणीं नोंदलेली.

असल्या जमिनीची नोंद ठेवणारा जुना कारकून विद्वान नव्हता. परंतु त्याच्यापाशीं एक गोष्ट होती. त्याच्यापाशीं 'इतर अधिकार' नांवाचा रकाना होता, आणि तोही पुरला नाहीं तर कागदाचा समास होता. जें चौकटींत बसत नसे तें तो कडेला लिहून ठेवी, आणि पुढच्या माणसाला तें वाचतां येत असे. आमच्या प्रोग्रामला समास नसतो. त्याला एक नांव, एक खातें, एक हिस्सा लागतो, आणि सगळ्या हिश्श्यांची बेरीज एक यावी लागते. ती येत नसेल तर तो पुढें सरकत नाहीं, किंवा त्याहून वाईट म्हणजे बेरीज बसेल अशी कोणी तरी ती बसवून देतो. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवितांना झालेल्या चुका इतक्या होत्या कीं २०१७ सालीं सरकारनें स्वतःच चावडी वाचनाची मोहीम काढली, गांवोगांवीं उतारे मोठ्यानें वाचून दाखविले आणि लोकांकडून चुका मागविल्या. ही गोष्ट आम्ही सरकारला दूषण म्हणून सांगत नाहीं, भूषण म्हणून सांगतों. यंत्रावर चढलेलें लिखाण गांवानें कानांनीं ऐकल्याखेरीज खरें मानूं नये, हें तत्त्व त्या मोहिमेनें कबूल केलें. दुर्दैव इतकेंच कीं तें तत्त्व एका मोहिमेपुरतें राहिलें.

याउपर जी चूक राहिली तिची वाट कशी आहे पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ याच्या १५५ व्या कलमानें लेखनांतील प्रमाद दुरुस्त करतां येतात. पण त्यासाठीं अर्ज, पुरावे, नोटिसा, सुनावणी हें सर्व त्या माणसानें करावयाचें, ज्यानें चूक केलेलीच नाहीं. उलट १५७ वें कलम सांगतें कीं अधिकार अभिलेखांतली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरावी. हातानें लिहिण्याच्या काळीं या गृहीतकांत एक शहाणपण होतें: नोंदीला हस्ताक्षर होतें, शाई होती, सही होती; कोणीं केव्हां लिहिलें हें डोळ्यांनीं दिसत असे, आणि खाडाखोड लपत नसे. तेंच गृहीतक जेव्हां यंत्राच्या उताऱ्याला लागू होतें, तेव्हां यंत्रावर चढवितांना पडलेली चूकही सत्य म्हणून डोक्यावर बसते. आणि जाब विचारावयास गेलेल्या बाईला खिडकींतून उत्तर मिळतें, "गे बाय, सर्व्हर बंद आसा, उद्यां ये." या वाक्याला कर्ता नाहीं. जुन्या कारकुनाला निदान नांव होतें, आणि त्याच्या वरच्याला पत्ता होता.

कोणी म्हणेल, हें तुमच्या खेडवळ कोंकणचें रडगाणें झालें. प्रगत देशांत असें होत नसेल. तर मग इंग्लंडकडे पाहूं. तेथील टपाल खात्यानें १९९९ पासून आपल्या शाखांत होरायझन नांवाची संगणकी हिशेबपद्धति बसविली. यंत्राच्या हिशेबांत तूट दिसूं लागली, आणि खेड्यापाड्यांत टपालाचीं लहान दुकानें चालविणाऱ्या स्त्रीपुरुषांवर अफरातफरीचे खटले भरण्यांत आले. २०१५ पर्यंतच्या काळांत नऊशेंहून अधिक माणसें दोषी ठरलीं. कित्येक तुरुंगांत गेलीं, कित्येकांचीं घरें विकलीं गेलीं, कांहींनीं जीव दिला. तक्रार करणाऱ्याला सांगण्यांत येई कीं अशी अडचण फक्त तुम्हांलाच येत आहे. तूट पैशांत नव्हती, आज्ञावलींत होती; हें न्यायालयानें २०१९ सालीं मान्य केलें, आणि शेवटीं २०२४ मध्यें पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. हें इतकीं वर्षें चाललें कसें? त्याचें एक कारण असें कीं, संगणकाचा पुरावा ग्राह्य धरण्यापूर्वीं तो नीट चालत होता हें दाखविण्याचें जुनें बंधन तेथील १९९९ च्या एका कायद्यानें काढून टाकलें, आणि यंत्र नीट चालतें असें न्यायालयें गृहीत धरूं लागलीं. आमच्या १५७ व्या कलमाचें हें विलायती भावंडच म्हणावयाचें. विरुद्ध सिद्ध करावें म्हणावें, तर सिद्ध करावयाचीं साधनें सगळीं यंत्राच्या मालकापाशीं!

ऑस्ट्रेलियांतला प्रकार तर शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. तेथें सरकारी साहाय्य घेणाऱ्यांचें वर्षाचें उत्पन्न घेऊन त्यास सव्विसांनीं भागावयाचें, प्रत्येक पंधरवड्याला तितकें उत्पन्न होतें असें मानावयाचें, आणि त्यावरून तुम्ही सरकारचें देणें लागतां अशी नोटीस यंत्रानें काढावयाची, असा परिपाठ २०१६ च्या सुमारास सुरू झाला. ज्याला सहा महिने काम होतें आणि सहा महिने नव्हतें तो या भागाकारानें कर्जबाजारी ठरला. २०२३ सालच्या चौकशी आयोगानें या योजनेवर अत्यंत कडक ताशेरे ओढले. कोंकणांतल्या ज्या शेतकऱ्याला एप्रिल-मे या दोन महिन्यांतच आंब्याचा पैसा दिसतो, त्यानें या भागाकाराचा थोडा विचार करावा. सरासरीवर त्याला आजवर कधीं जेवतां आलेलें नाहीं.

आतां आपल्याच दाराशीं येऊं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. गांव नमुना बारांतील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. आतां शेतकऱ्यानें शेतांत उभें राहून मोबाईलच्या ॲपवर पिकाचें छायाचित्र काढून ती करावयाची. तलाठी घरीं बसून पाहणी लिहितो अशी तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. पण उपाय काय निघाला? ज्याला पगार मिळतो त्याचें काम ज्याला मिळत नाहीं त्याच्या माथीं आलें. शिवाय कड्याच्या कुशींतल्या वाडीला रेंज नसते. २०२० च्या टाळेबंदींत याच जिल्ह्यांत मुलांना अभ्यासासाठीं डोंगर चढून रेंज शोधावी लागली हें सर्वांनीं वाचलें आहे. २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ आलें तेव्हां कित्येक गांवांत दिवसेंदिवस वीज नव्हती. नोंद झाली नाहीं तर कागदावर पीकच नाहीं, आणि पीक नाहीं तर नुकसानही नाहीं. झाड डोळ्यांपुढें उन्मळून पडलेलें असतें, पण त्याला यंत्रांत जन्मच मिळालेला नसल्यामुळें त्याचा मृत्यूही नोंदतां येत नाहीं.

फळपिकांच्या विम्याची तऱ्हाही हीच. हा विमा हवामानावर आधारलेला आहे. म्हणजे बागेंत काय झालें यावर नव्हे, तर महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरील यंत्रानें पाऊस, वारा आणि तपमान किती मोजलें यावर भरपाई ठरते. बाग डोंगराच्या एका अंगाला आणि केंद्र दुसऱ्या अंगाला असलें तरी यंत्राचा आंकडा अंतिम. मोहोर गळून पडलेला शेतकऱ्याला दिसतो, कृषि सहायकाला दिसतो, वाटेनें जाणाऱ्याला दिसतो. ज्याला दिसत नाहीं त्याच्याच साक्षीला मोल आहे. पाहणीचा खर्च वाचतो आणि वशिला टळतो, हा या पद्धतीचा गुण आम्हांला मान्य आहे. पण वशिला टाळण्यासाठीं डोळेच काढून टाकणें हा उपाय झाला कीं शिक्षा?

या ठिकाणीं पूर्वपक्षाचा सर्वांत बलवान मुद्दा येतो. तो म्हणतो, "यंत्र लाच घेत नाहीं." खरें आहे; पण तें दादही घेत नाहीं. लाच घेणारा कारकून हा राष्ट्राचा शत्रु आहे, त्याचें समर्थन करण्यास आमची लेखणी कधींही धजणार नाहीं. परंतु लाचेचा उगम कारकुनाच्या हाडांत नसून, कोणाचें काम होईल व कोणाचें अडेल हें ठरविण्याच्या सत्तेंत आहे. ती सत्ता प्रोग्राम आल्यानें नष्ट होत नाहीं. ती जागा बदलते. कोणता रकाना सक्तीचा, कोणता कागद मान्य, किती दिवसांनीं अर्ज बाद, हे निर्णय पूर्वी कचेरींत होत. आतां ते कंत्राटदाराच्या वातानुकूलित खोलींत, अर्जदाराचें तोंडही न पाहिलेल्या तरुणाच्या हातून होतात. तो तरुण म्हणजे आम्ही. आम्ही कारकुनाला हांकलून दिलें असें समजतों, पण वस्तुतः आम्हीच त्याच्या खुर्चींत जाऊन बसलों आहों, आणि त्याच्यावर असलेलें एकही बंधन आमच्यावर नाहीं. आम्हांला बदली नाहीं, खातेनिहाय चौकशी नाहीं, अर्जदाराचे तळतळाट ऐकावे लागत नाहींत.

यांतला एक विरोध तर थक्क करणारा आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठी ही या राज्याची राजभाषा झाली. शासनाचा हुकूम रयतेला वाचतां यावा हा त्याचा हेतु. आज उतारा मराठींत आहे, अर्ज मराठींत आहे, नकारही मराठींत आहे. पण ज्या भाषेंत तो नकार प्रत्यक्ष ठरला ती आज्ञावलीची भाषा शेतकऱ्याला येत नाहीं, तलाठ्याला येत नाहीं, तहसीलदारालाही येत नाहीं. मोडीचें दफ्तर वाचणारा माणूस गांवांत निदान एखादा तरी सांपडे. हें नवें दफ्तर वाचणारा गांवांत कोणीही नाहीं, आणि ज्यांना वाचतां येतें त्यांना तें दाखवीत नाहींत.

आतां विज्ञानकथेविषयीं. मराठी विज्ञानकथेचा आम्हांला रास्त अभिमान आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नांवानें 'कृष्णविवर' ही कथा आली, तिला पहिलें बक्षीस मिळालें, आणि मागाहून कळलें कीं जगताप म्हणजे जयंत नारळीकर. ही हकीकत घरोघर ठाऊक आहे. २०२१ सालीं नाशिकच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस देऊन मराठी समाजानें एका वैज्ञानिकाचा साहित्यिक म्हणून गौरव केला. २०२५ च्या मे महिन्यांत ते निवर्तले. मनुष्याहून शहाणें होऊं पाहणारें यंत्र हा विषयही त्यांनीं 'वामन परत न आला' या कादंबरींत हाताळला. आमची तक्रार त्यांच्याविषयीं नाहीं, त्यांच्या वाचकांविषयीं आहे. आमचे व्यवसायबंधू विज्ञानकथेंतून अंतराळयान उचलतात, यंत्रमानव उचलतात, अतिशहाण्या यंत्राची भीति उचलतात. आणि ज्या यंत्रानें नऊशें टपालवाल्यांना गुन्हेगार ठरविलें तें यंत्र शहाणें मुळींच नव्हतें, ही गोष्ट त्यांच्या ध्यानींही येत नाहीं. शहाण्या यंत्राची वाट पाहत बसलेला समाज मूर्ख यंत्राच्या हातीं सांपडला आहे.

ज्यांनीं हें ओळखलें ते लेखक निराळे. ई. एम. फॉर्स्टर यानें १९०९ सालींच अशी एक कथा लिहिली कीं जींत सर्व मानवजात एका यंत्राच्या आधारें भूमीखालीं राहते. यंत्र बिघडूं लागतें तेव्हां लोक दुरुस्ती मंडळाकडे तक्रारी करतात, आणि अखेर उमगतें कीं दुरुस्ती करणारी व्यवस्थाच नादुरुस्त आहे. ज्यानें तक्रार नोंदविण्याचें संकेतस्थळ बंद असल्याची तक्रार कोठें नोंदवावी याचा कधीं विचार केला असेल, त्याला ही कथा एक शतकापूर्वींची वाटणार नाहीं. काफ्का हा १९०८ ते १९२२ पर्यंत प्राग शहरांत कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरींत अधिकारी होता. कचेरीचें पोट त्यानें आंतून पाहिलें होतें, म्हणून त्याच्या कथांतील कचेऱ्या भुतांहून भयंकर वाटतात. आणि रोबो हा शब्द जगाला ज्या नाटकानें दिला तें कारेल चापेकचें १९२० चें. त्या शब्दाचें मूळ वेठबिगार या अर्थाच्या चेक शब्दांत आहे. यंत्र आमची वेठ करील या आशेनें आम्ही तें आणलें. पीक पाहणीच्या वेळीं उन्हांत मोबाईल उंच धरून उभा असलेला शेतकरी पाहिला म्हणजे वेठ कोण करीत आहे हें सांगावें लागत नाहीं.

तेव्हां मराठी विज्ञानकथेनें आतां कृष्णविवरांतून थोडा वेळ बाहेर येऊन तलाठ्याच्या सजांत बसावें, अशी आमची विनंति आहे. वारसनोंदीच्या अर्जाचा यंत्रांतला प्रवास हा मंगळावरच्या स्वारीइतकाच रोमांचक आहे, आणि त्यांत पोहोंचण्याची शाश्वती मंगळाहून कमी आहे. हा विषय लिहिण्याचा अधिकार आमच्याच व्यवसायबंधूंना आहे, कारण पोट त्यांनीं आंतून पाहिलें आहे. पण ते मतें देतात, कथा लिहीत नाहींत.

कोणी आम्हांला यंत्रद्वेष्टा म्हणूं नये म्हणून एक उलट उदाहरण देतों. २०२५ च्या हंगामांत देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनें प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचें स्टिकर लावण्याचें ठरविलें; परप्रांतींचा आंबा देवगडचा म्हणून खपविला जाऊं नये हा हेतु. फळाला क्रमांक मिळाला, आणि तें पिकविणाऱ्या कित्येकांचें नांव सातबाऱ्यावर अजून धड नाहीं, हा विनोद सोडून द्या. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, हा नियम बागायतदारांनीं स्वतः केला, काम एकच आणि मर्यादित ठेवलें, आणि नियम जाचक झाला तर तो बदलावयास सभा त्यांचीच आहे. रापणीचें जाळें ओढणाऱ्यांत वांटे ठरतात तेही असेच, सर्वांच्या देखत, किनाऱ्यावर. यंत्र वाईट नसतें. डोळ्यांआड ठरलेला नियम वाईट असतो.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्यांतली एकही अशक्य नाहीं. पहिली: यंत्रानें अर्ज नाकारला तर कोणत्या नियमानें, कोणत्या कारणानें, आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर, हें साध्या मराठींत त्याच क्षणीं लिहून मिळावें. दुसरी: प्रत्येक कचेरींत यंत्राविरुद्ध निर्णय देण्याचा अधिकार असलेला एक जिवंत मनुष्य असावा, आणि सर्व्हर बंद असेल तेव्हां कागदावरचा अर्ज घेऊन त्याच तारखेची पोंच द्यावी; कारण २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानें कामाला मुदत घालून दिली असली तरी अर्जच दाखल होत नसेल तर ती मुदत धांवूं लागणार कशी? तिसरी: यंत्रावर चढवितांना नोंद बदलली असा वाद निघाल्यास मूळ हस्तलिखित दाखवून यंत्राची नोंद खरी ठरविण्याचा भार सरकारनें वाहावा, खातेदारानें नव्हे. चौथी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची: ज्याप्रमाणें २०१७ सालीं उताऱ्यांचें चावडी वाचन झालें, त्याप्रमाणें नियमांचेंही व्हावें. ॲप सुरू करण्यापूर्वीं तें काय मागतें, काय नाकारतें, आणि चुकल्यास कोणाकडे जावयाचें, हें ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावें. मुंबईच्या कचेरींत बसून केलेली परीक्षा पुरेशी मानूं नये. जेथें रेंज जाते, वीज जाते, आणि एका सातबाऱ्यावर सारें खानदान बसलेलें असतें, अशा सिंधुदुर्गांतल्या वाडींत ती परीक्षा घ्यावी. तेथें जो प्रोग्राम उतरेल तो महाराष्ट्रांत कोठेंही उतरेल.

आणि ज्या सुशिक्षित घरांतला मुलगा या धंद्यांत आहे त्या घरच्या वडील मंडळींस एवढेंच सांगणें आहे कीं, पुढच्या वेळीं तो कारकुनाला मूर्ख म्हणेल तेव्हां माना डोलावूं नका. त्याला विचारा, "तूं लिहिलेल्या प्रोग्राममुळें एखाद्या म्हातारीचा अर्ज अडला, तर तिनें कोणाच्या दाराशीं जावयाचें?" याचें उत्तर देतां येईपर्यंत त्याला कारकुनावर हंसण्याचा हक्क नाहीं.